कुट्टीच्या तोंडाशी

सर्जेरावांनी कडबा कुट्टीचं यंत्र घेतलं तेव्हा त्यांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी पाहून घेऊ. त्यांचे दोन सालगडी रोज सकाळी ओंडक्यावर कुऱ्हाडीने कडबा तोडत बसत. त्यांच्या सकाळी मोकळ्या होणार. जनावरं नुसता पाला ओरबाडून बुडखे टाकून देत, ती आता बुडख्यांसकट सगळं खाणार. म्हणजे एका गंजीत दीड गंजीचा निभाव. गावातले लोक कडब्याच्या गाड्या भरून दारात उभे राहणार. आणि सगळ्यांत मोठी प्राप्ती म्हणजे अण्णासाहेब. हे गावातले ट्रॅक्टरवाले, सर्जेरावांना चारचौघांत नुसतं 'सर्जा' म्हणणारे. तेही एक दिवस येणार आणि आपली पाळी येईपर्यंत उन्हात थांबणार. हा शेवटचा फायदा सर्जेरावांनी कुणाला बोलून दाखवला नाही, पण यंत्र जालन्याहून आणायचं ठरलं ते याच फायद्यावर.

हे पंचाहत्तर सालचं. बहात्तरच्या दुष्काळात आपली गुरं छावणीवर नेऊन बांधलेलं गाव होतं. कडब्याची काडी वाया गेलेली तिथे कुणाला सोसत नसे. गावात विजेचे खांब रोवून झाले होते, तारा यायच्या होत्या. त्या तारांचीच लोकांना धास्ती. आदल्या साली वाटूरला एक जण मोटारीच्या तारेला चिकटून गेला होता आणि त्याची हकीकत दर बाजाराला नवी भर पडून गावात येत होती. म्हणून सर्जेराव यंत्राची ओळख करून देताना पहिल्यांदा सांगत, "याला तारच न्हाई. डिझेलवर चालतं. शॉक बसायचा सवालच न्हाई." ऐकणारे निर्धास्त होत. तार नाही म्हणजे धोका नाही, एवढं शास्त्र गावाने आपल्यापुरतं पक्कं करून टाकलं.

यंत्राच्या पूजेला पाच सवाष्णी बोलावल्या होत्या. सर्जेरावांच्या पत्नी द्वारकाबाई हातभर हिरवा चुडा भरून पुढे होत्या. सहावी बाई घरातलीच, कौसल्या. सर्जेरावांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ चार वर्षांपूर्वी विषमज्वराने गेला. तेव्हापासून कौसल्या घरातलं सगळं करी आणि घरातल्या कशातच नसे. खळ्यावर रास लागली की तिने तिकडे फिरकायचं नाही, लेकराच्या बारशाला पाळण्याजवळ जायचं नाही. मात्र त्या राशीचं धान्य पाखडायचं तिने, त्या लेकराची दुपटी शिवायची तिने. पूजेच्या दिवशीही तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं, की नारळ फुटेपर्यंत गोठ्यात थांब. ती तुराट्यांच्या कुडामागे शेणाची पाटी घेऊन बसली.

यंत्राबरोबर रामकिसन मिस्त्री आला होता. जालन्याचा माणूस, स्वतःच्या डाव्या हाताचं अर्धं बोट गमावलेला, म्हणून या विषयात त्याला अधिकार होता. त्याने समजावून सांगितलं. या तोंडातून कडबा आत सारायचा. आत दातेरी रोळ आहेत, ते ओढून घेतात. पलीकडे चाकाला पाती आहेत. तोंडावरचं पत्र्याचं झाकण कधी काढायचं नाही, ते आहे म्हणून हात रोळापर्यंत पोहोचत नाही. कडबा अडकला तर आधी इंजिन बंद, चाक पुरतं थांबू द्यायचं, मंग हात. सारणाऱ्याच्या हातात कडं नको, बांगडी नको, पदर लोंबता नको. आणि इंजिनपाशी एक मजबूत दांडकं कायम असू द्या. काही वाईट झालं तर इंजिनपासून चाकापर्यंत जाणारा पट्टा त्याने बाजूने ढकलून उतरवा, म्हणजे यंत्राची ताकद तुटते.

हे चाललेलं असताना सर्जेराव फेट्याचा शेमला नीट करत होते, द्वारकाबाई नारळाच्या शेंडीशी झटत होत्या आणि बाकीच्यांचं लक्ष पेढ्यांच्या पुड्याकडे होतं. मिस्त्रीचा शब्द न् शब्द ऐकला तो कुडामागच्या बाईने. तिला दुसरं काम नव्हतं.

बांगडीचा मुद्दा मात्र सर्वांच्या कानावर पडला, कारण त्यावरून अडलं. कडबा सारायला शेजारची साळूबाई यायची ठरली होती. चुडा उतरवायचा म्हटल्यावर ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, की मालक जिता असताना हात उघडा करू कशी, उद्या काही कमी-जास्त झालं तर? दुसऱ्या बाईनेही तेच सांगितलं. गड्यांना शेतातून काढणं सर्जेरावांना परवडेना. त्यांच्या सकाळी मोकळ्या करायला तर यंत्र आणलेलं.

तेव्हा द्वारकाबाई म्हणाल्या, "आपली कौसल्या हाय की. तिच्या हातात काय हाय अडकायला?"

सगळ्यांना हे एकदम पटलं. जिची सावली यंत्राच्या पूजेवर पडू द्यायची नव्हती, तिला पूजा आटोपताच यंत्राच्या तोंडाशी उभं केलं. कुणालाही यात विसंगती दिसली नाही. मिस्त्रीच्या नियमाचं पालन झालं होतं.

कौसल्या काम शिकली. पदर कमरेला घट्ट खोचून ती मूठ-मूठ कडबा सारी. तिला ठाऊक होतं, की भोकरदनला तिचा भाऊ आहे, पण भावाच्या घरात तिला जागा नाही. या घरात जागा आहे ती दोन हातांच्या जोरावर. त्या हातांना काही झालं तर घरात उरणार नुसतं एक खाणारं तोंड, आणि विधवेच्या तोंडात घास घालताना घरं फार विचार करतात. म्हणून ती हात जपत असे.

आठव्या दिवशी सर्जेरावांनी झाकण काढलं. झाकणामुळे कडबा थोडा थोडाच जाई; तोंड उघडं केलं तर पेंढीच्या पेंढी बसे. काढलेलं झाकण गोठ्यात उलथं पडलं, तिथे एका कोंबडीने अंडी घालायला सुरुवात केली. इंजिनपाशी ठेवलेलं दांडकं एका गड्याने वासराला खुंटी करायला नेलं. आणि सर्जेरावांनी एक नवा नियम केला, जो मिस्त्रीने सांगितलेला नव्हता: इंजिन मधेच बंद करायचं नाही. एकदा बंद पडलं की हँडल मारमारून दोन गडी घामाघूम होत आणि पुन्हा लय धरेपर्यंत बारा मिनिटं जात. सर्जेरावांनी घड्याळ लावून पाहिलं होतं.

कौसल्या थोरल्या दिरांशी कधी समोरून बोलत नसे. तशी रीतच नव्हती. तिने संध्याकाळी भाकरी थापता थापता द्वारकाबाईंना सांगितलं, की अक्का, ते झाकण बसवायला सांगा. अक्कांनी सांगितलं. उत्तर आलं, की आता बायकांनी यंत्र शिकवायचं का.  मग सरपणातून बाभळीचं एक दांडकं निवडून कौसल्येने इंजिनजवळच्या भिंतीला टेकवून ठेवलं. गड्याने तेही उचललं, तिने दुसरं ठेवलं.

फाल्गुन सरत आला तेव्हा सर्जेरावांचा दिवस उगवला. अण्णासाहेब स्वतः गाडीबरोबर आले. आधीच्या तीन गाड्या व्हायच्या होत्या. सर्जेरावांनी त्यांना बाजेवर बसवलं, चहा दिला आणि थांबवलं. अण्णासाहेब हसत म्हणाले, "काय सर्जेराव, जल्दी हुईल का रात काढू इथंच?" 'सर्जेराव' हे पूर्ण नाव त्यांनी प्रथमच घेतलं होतं. सर्जेरावांना नशा चढल्यासारखं झालं.

अण्णासाहेबांची गाडी लागली आणि चौथ्या पेंढीला कडबा अडकला. दातेरी रोळांत ओला बुडखा आडवा बसला. इंजिन भकभकत राहिलं, पट्टा करकरू लागला, कुट्टी पडायची थांबली.

कौसल्या हात मागे घेऊन उभी राहिली.

"अक्का, भावजींना सांगा, इंजिन बंद करा," ती म्हणाली.

द्वारकाबाईंनी सांगायची गरज नव्हती, सगळ्यांनी ऐकलं होतं. सर्जेरावांनी बाजेकडे पाहिलं. बारा मिनिटं. अण्णासाहेबांसमोर दोन गडी हँडलला लोंबकळणार, इंजिन फुसफुस करणार, आणि हा माणूस ते गावभर सांगत फिरणार.

"बंद करायची गरज न्हाई. बोटानं काढ तेवढा बुडखा. तोंड उघडंच हाय."

ती हलली नाही.

"तार न्हाई, करंट न्हाई. भ्या कशाचं वाटून राह्यलं?"

अण्णासाहेब चहाची बशी तोंडाशी धरून मजा पाहत होते. म्हणाले, की घरातलीच माणसं ऐकत न्हाईत सर्जेराव, यंत्र काय ऐकणार.

तेव्हा कौसल्येने चार वर्षांत पहिल्यांदा थोरल्या दिरांकडे तोंड करून शब्द उच्चारला. आवाज मोठा नव्हता. "हात माझे हायेत, भावजी. चाक थांबल्याबिगर मी घालणार न्हाई."

 सर्जेरावांचा चेहरा काळवंडला. नवऱ्याचा तो चेहरा द्वारकाबाईंना पाहवला नाही. परक्या माणसासमोर, स्वतःच्या अंगणात, घरातल्या विधवेने त्यांना उलट उत्तर द्यावं. "सरक तिकडं," असं म्हणून त्या पुढे झाल्या आणि उजवा हात तोंडात घातला.

बुडखा निघाला. निघताच रोळ मोकळे झाले आणि फिरले. दात्यात आधी बांगडी अडकली. काच फुटायचा आवाज झाला, पण मनगटातली चांदीची पाटली फुटणारी नव्हती. ती हात घेऊन आत चालली.

सर्जेराव इंजिनकडे धावले आणि त्याच्यापाशी नुसते उभे राहिले. काय ओढायचं, काय दाबायचं, त्यांना आठवेना. आठवायला ते ऐकलेलं असावं लागतं. कौसल्येने भिंतीचं दांडकं उचललं, बाजूने पट्ट्याला लावलं आणि सगळा भार देऊन ढकललं. पट्टा फडफडत खाली पडला. चाक आणखी एक फेरा फिरलं आणि थांबलं.

अण्णासाहेबांच्या गाडीतला कडबा खाली ओढला, त्याच गाडीतून द्वारकाबाईंना वाटूरच्या फाट्यावर नेलं आणि तिथून ट्रकने जालन्याला. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. डॉक्टरांनी विचारलं, की पट्टा कुणी उतरवला. आणखी दोन फेरे झाले असते तर कोपरापासून काढावा लागला असता. सर्जेराव खाली पाहत राहिले. 

गावाने मात्र चौकशी लगेच पुरी केली. सर्जेरावांची चुलती गोजरबाई पारावर म्हणाली, की रांडावलेल्या बाईला यंत्राच्या तोंडाशी उभं करतेत का कुठं, यंत्राला तिचा हात लागला तवाच म्या ओळखलं. झाकणाचा विषय निघाला नाही. कोंबडी त्यात बसलेलीच होती. दवाखान्यातून परतल्यावर सर्जेराव गोजरबाईच्या म्हणण्याला 'व्हय' म्हणाले नाहीत आणि 'न्हाई'ही म्हणाले नाहीत. त्यांना ते सोयीचं पडत होतं.

द्वारकाबाई तीन आठवडे दवाखान्यात होत्या. पहिल्याच दिवशी तिथल्या नर्सने सलाईनसाठी डाव्या हातातल्या बांगड्या उतरवून एका तसराळ्यात टाकल्या. द्वारकाबाई त्या गुंगीतही रडल्या होत्या. नंतर रोज सकाळी कौसल्या गावाहून डबा घेऊन उशाशी आली की त्या पहिल्यांदा विचारत, "मालक बराबर हायेत ना? जेवले ना?" कौसल्या सांगे, की जेवले, दोन भाकरी आणि पिठलं. आठ दिवस हेच. पंधरा दिवस हेच. तिसऱ्या आठवड्यात द्वारकाबाईंनी विचारायचं सोडून दिलं आणि छताकडे पाहत पडून राहू लागल्या. शेवटच्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "त्या मिस्त्रीनं काय काय सांगितल्तं, मला सांग बरं पुन्यांदा." कौसल्येने सांगितलं, ओळीने.

घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळी गोजरबाई कासाराला घेऊन दारात हजर. निदान राहिलेल्या हातात तरी चुडा भरायला हवा होता. अंगणात चार बाया जमल्या. पलीकडे दोन कडब्याच्या गाड्या उभ्या होत्या. यंत्र पुन्हा चालू करायचा दिवस सर्जेरावांनी तोच धरला होता. त्यांनी गड्यांना हँडल आणायला सांगितलं आणि कौसल्येकडे पाहिलं, पाहत नाही असं दाखवत.

हँडल जागेवर नव्हतं. इंजिनखाली नव्हतं, गोठ्यात नव्हतं. गडी शोधून दमले तेव्हा द्वारकाबाई ओसरीवरून म्हणाल्या, "माझ्या अंथरुणाखाली हाय. हँडलबिगर काय ते चालत न्हाई ना?"

सर्जेराव म्हणाले, की गाड्या उभ्या आहेत, खर्चा वाढून राह्यला, आता काय पोरखेळ.

"झाकण बसवा. दांडकं खिळ्यानं भिंतीला टांगा. अडकलं की इंजिन बंद. आन् तोंडाशी जी उभी राहील ती चुडा उतरवून. सवाष्ण असो का कोण असो. पाळीपाळीनं. एकट्या कौसल्येवर न्हाई."

"बायांना चुडा उतरवायला लावू? गाव काय म्हणल?"

द्वारकाबाईंनी डावा हात पुढे केला. नुसता, मनगटापासून कोपरापर्यंत मोकळा. "तीन हप्ते झाले, माझा हात असाच हाय. तुमाला साधी सर्दी तरी झाली का?"

साळूबाईला हसू फुटलं. तिने पदर तोंडावर घेतला, पण ते सगळ्यांनी ऐकलं. कासाराने आपली बांगड्यांची माळ खांद्यावर घेतली आणि तो पुढच्या गल्लीला निघाला.

सर्जेरावांनी गाड्यांकडे पाहिलं. गाडीवाल्यांपैकी एकाने बैल सोडले, याचा अर्थ तो थांबायला तयार होता. शेवटी सर्जेरावांनी खूण केली, गडी गोठ्यात गेला, कोंबडी उठवली, अंडी टोपलीत काढली आणि झाकण झटकून आणलं. ते बसवायला चार खिळे लागले. नारळ पुन्हा फोडायचा निघाला तेव्हा द्वारकाबाईंनी तो अंगठ्याच्या आणि तळव्याच्या बेचक्यात कसाबसा धरला, थोटा हात आता तेवढंच करू शकत होता, आणि कौसल्येपुढे धरला. "फोड. माझ्यानं जोर लागत न्हाई." गोजरबाई उठून गेली. बाकीच्या बाया बसून राहिल्या. कौसल्येने नारळ फोडला.

आता हिशेब. सर्जेरावांना वाचवायची होती बारा मिनिटं, आणि राखायचा होता अण्णासाहेबांच्या तोंडून निघालेला एक शब्द. त्यांच्या अंगाचं काही गेलं नाही. अण्णासाहेबांचा गाडीभर कडबा अंगणात सांडला, तो त्यांनी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून नेला. द्वारकाबाईंनी चार बोटं दिली. कौसल्येने काही दिलं नाही, कारण त्या दिवशी तिने नकार दिला. तो तिने दिला नसता, तर बोटं तिची गेली असती, गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा लागली असती, आणि तुमच्या-माझ्यापर्यंत ही गोष्ट आली नसती. विधवेची बोटं मोजायला त्या गावात कुणी बसलेलं नव्हतं.