नव्वद सेकंद

रविवारी सकाळी आम्ही तिघं भेटतो. मी नरहर, रेल्वेच्या संगणक विभागातून निवृत्त. शरच्चंद्र माझ्याच वयाचा, टेलिफोन खात्यातला. निधी माझ्या मुलीच्या वयाची. ती नवा रायपुरात सर्व्हर सांभाळते, मराठी समजते, पण बोलते हिंदीत. तिघांनाही युनिक्स या संगणक प्रणालीचं वेड. एरवी आम्ही शंकर नगरला शरच्चंद्राकडे बसतो. गेल्या महिन्यात त्याच्याकडे रंगकाम चालू होतं, म्हणून दोघं माझ्या घरी आले. माझी बायको क्षमा गेल्यापासून पहिल्यांदाच.

मी चहा केला. साखर कमी पडली होती. दोघांनी तसाच घेतला.

"काका, आप लोग अभी भी एक्स्ट फोर पे अटके हो," निधी म्हणाली. "झेडएफएस लगाओ. फाइल खराब हुई तो खुद बता देगा." एक्स्ट फोर ही डिस्कवर फाइली ठेवायची जुनी पद्धत, झेडएफएस नवी.

"सांगून काय होते?" शरच्चंद्र म्हणाला. "माझा गुडघा बी रोज सांगते, खराब झालो म्हणून. त्याले रॅम किती लागते ते सांग."

"मेरे में बत्तीस जीबी है."

"हव. आमच्यात चार आहे. आमची फाइल सिस्टिम आमच्यासारखीच, जुनी, पण चालते. नरहरभाऊ, लाव बरं तुझी मशीन, दाखवू हिले."

मी मशीन लावली. पडद्यावर ओळी धावल्या आणि थांबल्या. एका डिस्कची वाट पाहत आहे, असा मजकूर आला. पुढे सेकंद मोजले जाऊ लागले. नव्वदला मशीननं नाद सोडला आणि पासवर्ड मागितला. मी तो टाकला, दोन बटणं दाबली, मशीन पुढे सुरू झाली.

"रोज असंच करून राहिला?" शरच्चंद्रानं विचारलं.

"हो. आठ महिने झाले."

तो हसला. "अर्ध्या विभागाची तिकिटं चालवली या माणसानं, अन् घरची एफएसटॅब नाही सुधरवता येत."

एफएसटॅब म्हणजे यादी. सुरू होताना कोणती डिस्क कुठं जोडायची ते तीत लिहिलेलं असतं. यादीतली डिस्क सापडली नाही तर मशीन अडून बसते. त्या ओळीत 'नोफेल' एवढा शब्द घातला की अडत नाही. हा शब्द मी नोकरीत कितीतरी पोरांना शिकवला.

निधीनं तोवर त्या यादीची फाइल उघडली होती. शेवटच्या ओळीत डिस्क जोडायच्या जागेचं नाव होतं, क्षमा. दोघांनी ते वाचलं. शरच्चंद्रानं कप खाली ठेवला.

"कुठं आहे ती डिस्क?"

"कपाटात. टकटक आवाज करत होती, म्हणून काढून ठेवली."

क्षमा अभनपूरच्या शाळेत शिकवायची. लॉकडाऊनमध्ये तिनं मुलांसाठी धडे वाचून रेकॉर्ड केले, दोनशे बारा. सगळे त्या डिस्कवर होते.

"और बैकअप?" निधीनं विचारलं, आणि लगेच खाली पाहिलं.

"येत्या रविवारी घेतो म्हणालो होतो तिला. मग दवाखाना सुरू झाला."

"मग इतके दिवस धडे काहून नाही काढले?" शरच्चंद्र म्हणाला.

मी सांगायचा प्रयत्न केला. अशी डिस्क बहुधा एकदाच संधी देते. कपाटात आहे तोवर दोनशे बारा धडे आहेत. लावली आणि बंद पडली तर एकही नाही. आणि ती ओळ बदलली असती तर मशीन झटकन सुरू झाली असती, जणू तिथं कधी काही नव्हतंच. ते मला नको होतं.

निधीनं खुर्ची माझ्याकडे वळवली. मग मराठीत म्हणाली, "काका, ठेवून ठेवून पण डिस्क खराबच होते. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं.

"तुझ्या हातात बंद पडली तर?" मी विचारलं.

"हो सकता है," ती म्हणाली. "झूठ नहीं बोलूँगी."

मी कपाटातून डिस्क आणली. कॉपीसाठी नवी डिस्कही आणली. ती मी क्षमा असतानाच घेतली होती, खोक्याचं सील तसंच होतं. निधीनं ते नखानं फोडलं.

कॉपी दिवसभर चालली. जी जागा वाचता येत नव्हती ती सोडून निधी पुढे जात होती, मग परत मागे येत होती. शरच्चंद्र चौकातून कचोरी घेऊन आला. तिघांनीही उभ्यानंच खाल्ली. साडेचारला टकटक वाढली. पाचला डिस्क थांबली. पुन्हा फिरली नाही.

एकशे सत्त्याऐंशी धडे आले. पंचवीस गेले. मी ते दोन्ही आकडे कागदावर लिहिले.

"पुरानी लाइन हटा दूँ?" निधीनं विचारलं.

कीबोर्ड मी घेतला. जुनी ओळ काढली. नव्या डिस्कची ओळ लिहिली, जागेचं नाव तेच ठेवलं, शेवटी नोफेल लिहिलं. मशीन अकरा सेकंदांत सुरू झाली.

"आता चहा मांडायले बी टाइम नाही भेटणार तुले," शरच्चंद्र म्हणाला. मग दोघं गेले.

मी पहिला धडा लावला. आधी कागदाची सळसळ ऐकू आली. मग क्षमा माझ्याशीच बोलली, "अहो, पंखा बंद करा ना, आवाज येतो त्याचा."

मी उठलो आणि पंखा बंद केला. मग बसून धडा ऐकला.