तीन बोटं

विठाबाईला मुलगा भेटायचा तो सरकारच्या कृपेने. असं ती स्वतःच म्हणायची, आणि वर हसायचीही. पण त्या हसण्यात काही राम नसायचा.

जिग्नेश पुण्याला एका कंपनीत होता. डोळ्याने अधू आई आपल्यावर अवलंबून असेल तर पगारावरच्या टॅक्समध्ये सूट मिळते, हे त्याला तिथंच कळलं. त्यासाठी आईचं सरकारी प्रमाणपत्र हवं. साखरेच्या आजाराने विठाबाईची नजर नेली होती, पण इलाज चालू होता म्हणून डॉक्टरांनी पहिल्यांदा वर्षाचाच कागद दिला. मग दोन वर्षांचा. मुदत संपली की जिग्नेश यायचा, आईला रिक्षाने डहाणूच्या सरकारी दवाखान्यात न्यायचा आणि काम झालं की दुपारची गाडी पकडायचा. दिवाळीला त्याला रजा मिळत नसे, चुलत बहिणीच्या लग्नाला मिळाली नाही. कागदासाठी मात्र मिळे.

त्या एका सकाळची विठाबाई दोन-दोन वर्षं वाट बघायची. कारण त्या सकाळी तो तिचा हात धरायचा. पायरी आली, आई. इथं खड्डा आहे, आई. एके काळी बंदरावर मासळीच्या गर्दीत, डोक्यावर पाटी घेऊन, तिने त्याचा हात असाच गच्च धरलेला असायचा. आता त्याचा तळहात मऊ झाला होता. जाळ्याचे घट्टे नाहीत, मिठाने फाटलेली कातडी नाही. तरी तिला तो हजार हातांतून ओळखता आला असता.

या खेपेला रिक्षात बसल्या बसल्या जिग्नेश म्हणाला, "आई, आज कायमचा कागद करून घेऊ. डॉक्टर मागेच म्हणाले होते, आता फरक पडायचा नाही. एकदा झाला की तुझी ही फरफट संपली."

तो बिचारा तिच्याच भल्याचं बोलत होता. विठाबाईने त्याचा हात आणखी घट्ट धरला.

दवाखान्यात रांग होती. शेजारी गंजाड गावचा लाहू म्हणून एक म्हातारा बसला होता, तो कुणी विचारायच्या आतच सुरू झाला. "मागल्या वेळी डॉक्टरनं बोटं दाखवली. मी आपलं खरं सांगितलं, अंधुक दिसतात म्हणून. झालं! थोडं दिसतंय, सुधारेल कदाचित, म्हणाले, आणि दोनच वर्षांचा कागद दिला. आता परत या, परत रांगेत बसा. गप बसलो असतो तर सुटलो असतो."

म्हातारा रडगाणं गात होता आणि विठाबाईला वाट सापडत होती.

नंबर लागला. आत डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी यंत्रावर डोळे तपासले, मग विचारलं, "मावशी, काही दिसतं का समोर?"

"दिसतं की. तीन बोटं," विठाबाई ठणकावून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंची खुर्ची करकरली.

"मावशी, मी अजून हात वर केलाच नाही."

कालची मासळी आजची म्हणून विकताना विठाबाईची जीभ कधी अडखळली नव्हती. आज मात्र तिला कुठं तोंड लपवावं कळेना.

"इथं लोक दिसत असून नाही म्हणतात," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही उलटं का सांगता?"

"कायमचा कागद नको, बाई. वर्षाचा द्या. कायमचा झाला तर हा कशाला येईल?"

जिग्नेश शेजारीच उभा होता. बाईंचाही नाइलाज होता. त्यांनी कायमचा कागद केला, सही-शिक्का मारला.

परतीच्या रिक्षात त्याने तिचा हात धरला होता. परक्या बाईपुढे पोराला खाली मान घालायला लावली, या विचाराने विठाबाई चरफडत राहिली. स्टेशन जवळ आलं तसा त्याच्या फोनचा कट्ट असा आवाज झाला. हा आवाज तिला माहीत होता. कागदाचा फोटो निघाला. आता तो कंपनीत जाईल आणि जन्माचं काम होऊन जाईल. त्याने सोडायच्या आधी तिनेच हात सोडवून घेतला.

रिक्षा थांबली. जिग्नेश उतरला, आणि त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद तिच्या मांडीवर ठेवला.

"हा तुझ्याकडे ठेव, आई. कंपनीवाले दर वर्षी अस्सल कागद बघतात. न्यायला येईन मी."

खोटं बोलताना याचा आवाज लहानपणापासून असाच वर चढतो. विठाबाईने तो बरोबर ओळखला, आणि पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"आणि आलास की लगेच दुपारची गाडी?"

रिक्षावाल्या मनिषने हॉर्न वाजवला. जिग्नेश हलला नाही. त्याने तिचा एक हात पिशवीवरून सोडवून घेतला, उलगडला आणि तळव्यावर आपली बोटं टेकवली.

"एवढे दिवस राहीन. किती, आई?"

विठाबाईने एकेक बोट चाचपून पाहिलं. घाई केली नाही.

"तीन," ती म्हणाली.