वर-खाली होणारं टेबल

नथूने एकतीस वर्षं पिरंगुटच्या एका कारखान्यात वेल्डिंग केलं, त्यातलं बरंचसं उकिडवं बसून. आता माण गावातल्या घरामागच्या गोठ्यात त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं. गुरं कधीच गेली होती. पूर्वीच्या वावरात कंपन्यांच्या काचेच्या इमारती होत्या आणि घराच्या वरच्या मजल्यावर चार भाडेकरू. खिडक्यांचे ग्रिल, जिन्याचे कठडे अशी कामं अजून यायची. पण पाठ कामातून गेली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, खाली बसायचं बंद करा. मग काम कसं करायचं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

एकदा वरच्या खोलीतली सुनीती दाराची कडी बसत नाही म्हणाली, म्हणून तो वर गेला. ती परभणीची, कंपनीचं काम दिवसभर खोलीतूनच करायची. तिचं टेबल बटण दाबलं की वर-खाली व्हायचं.

"पाठ धरते हो काका, म्हणून घेतलं," ती म्हणाली. "थोडा वेळ बसून करते, थोडा वेळ उभ्यानं."

तिशीही न गाठलेल्या पोरीची पाठ धरते याचं नथूला वाईट वाटलं, आणि जरा बरंही वाटलं. कडी बसवता बसवता त्याने त्या टेबलाचे पाय नीट बघून घेतले.

बटणाचं काम त्याला जमणारं नव्हतं. त्याने चौकोनी पाइपात जेमतेम सरकेल असा दुसरा पाइप घालायचं ठरवलं. दोन्हींना आरपार भोकं पाडली की पिन घालून हवी ती उंची धरता येणार होती. वर जाडजूड लोखंडी प्लेट. तीन दिवसांचं काम, पण त्याला दहा लागले. अर्धा तास मशिनपाशी, अर्धा तास खाटेवर. एवढं करून टेबल उभं केलं, तर एक पाय अधांतरी. भोकं त्याने आतल्या एकेका पाइपाला वेगवेगळी पाडली होती. चारही पाइप एकत्र आवळून एकदमच ड्रिल मारायचं, हे कारखान्यात नव्या लोकांना तोच शिकवायचा. त्याने आतले चारही पाइप बाजूला टाकले आणि नवे कापायला घेतले.

दुसऱ्या खेपेला टेबल डुगडुगलं नाही. पण ती जड प्लेट वर उचलणं एकट्याचं काम नव्हतं. त्याने बायकोला, गोजराबाईला हाक मारली. ती वरच्या खोल्या झाडून नुकतीच खाली आली होती. दोघांनी मिळून एक बाजू उचलली, नथूने पिना घातल्या. दुसऱ्या बाजूला गोजराबाई वाकली ती तशीच राहिली. कंबरेत उसण भरली होती.

"तुमी वाकू नये म्हून हे टेबल," भिंतीला धरून सरळ होत ती म्हणाली, "आन् त्ये उचलाया मी वाकायचं व्हय?"

नथूने तिला खाटेवर निजवलं, मलम चोळलं. गेली कित्येक वर्षं ही बाई दिवसातून किती वेळा वाकत असेल, हे त्याने कधी मनात आणलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्याने माळ्यावरून जुन्या जीपचा जॅक काढला. चारही पाय खालून जोडणारी चौकट केली, तिच्या मधोमध तो बसवला आणि वर प्लेटपर्यंत पाइपाचा तुकडा जोडला. आता नुसता दांडा फिरवायचा, की प्लेट हळूहळू वर यायची. दांडा फिरवून हात भरून यायचे, पण वाकावं लागत नव्हतं. त्याने टेबल छातीच्या खालपर्यंत नेलं, पिना घातल्या आणि उभा राहिला. दहाच मिनिटांत पाय जड झाले. मग पुन्हा खाली आणून तो खुर्चीत बसला.

त्यावर पहिलं काम त्याने केलं ते गिऱ्हाइकाचं नव्हे. कपडे धुवायच्या टपाला उंच, चार पायांचं स्टँड केलं, मोरीपाशी नेऊन ठेवलं.

गोजराबाईने टप वर ठेवून पाहिला, हात पाण्यात घातले.

"दोन बोटं उंच झालंय," ती म्हणाली.

"कापतो."

"आज ऱ्हाऊ द्या. बसा जरा."

तो मोरीच्या कट्ट्यावर बसला. ती उभ्यानेच कपडे घुसळत राहिली.