साठ मिनिटांचा इनोसी

वाइकुला जिल्ह्याच्या फुटबॉल संघात इनोसी तुइलाऊसारखा गोल मारणारा दुसरा कोणी नव्हता, आणि पंचाईत अशी की हा एकुलता एकही निम्म्या वेळा जागेवर नसायचा. तीन वर्षांत त्याच्या उजव्या मांडीचा मागचा स्नायू तीनदा फाटला होता. भरधाव पळता पळता तो एकाएकी थांबायचा, मांडी धरायचा आणि हसायचा. दुखलं की त्याला हसू यायचं. लोकांना वाटे, विशेष काही नसेल. पण कडेच्या बाकावर बर्फाची पेटी घेऊन बसलेल्या राजमती नायडूला ते हसू दिसलं की ती पेटीचं झाकण उघडायची.

राजमतीने पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली होती. निवृत्तीनंतर संघाच्या पट्ट्या, मालिश आणि दुखणी आपसूक तिच्या गळ्यात पडली. सारं गाव तिला सिस्टर म्हणे. इनोसी एकटा काकी म्हणायचा. त्याच्या आईचं बाळंतपण तिनेच केलं होतं. "जगात आल्यावर मला पहिल्यांदा तुम्ही हातात घेतलंत," तो म्हणायचा, "मग सिस्टर कसं म्हणू?"

जानेवारीत संघ निवडायला मंडळी बसली तेव्हा प्रशिक्षक धर्मेन गौंडरने इनोसीच्या नावावर सरळ काट मारली.

"सिस्टर, हा पोरगा म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेली काचेची बशी आहे. कपाटात छान दिसते. वाढायला काढली की फुटते."

"यंदाचा मोसम त्याला माझ्या हाती द्या," राजमती म्हणाली. "कुठल्या सामन्यात खेळवायचा ते तुम्ही ठरवा. किती मिनिटं, ते मी ठरवीन."

"आणि मी काय करू? शिट्टी फुंकत बसू?"

"शिट्टी पंच फुंकतात. तुम्ही ओरडा. ते तुम्हाला झकास जमतं."

मंडळी हसली, गौंडरही नाइलाजाने हसला, आणि इनोसीचं नाव यादीत राहिलं.

मोसमाच्या सुरुवातीला तिने त्याला वीस मिनिटं दिली, मग तीस, मग पंचेचाळीस. एप्रिलपर्यंत गाडी साठावर आली आणि तिथे तिने पाचर ठोकली. साठाव्या मिनिटाला ती उठून उभी राहायची, की गौंडर कपाळावर हात मारून बदली खेळाडूला आत सोडायचा. प्रेक्षकांनी इनोसीचं नावच पाडलं. "ए साठ मिनिटं! घरी जा, आई वाट बघतेय!" कुंपणापलीकडून आवाज यायचे. तो ऐकून घ्यायचा, मुकाट बाहेर यायचा आणि मांडीवर बर्फ धरून बसायचा. व्यायाम चुकवायचा नाही, की पथ्य मोडायचा नाही.

तरी एक गोष्ट राजमतीला उलगडत नव्हती. शनिवारच्या सामन्यानंतर रविवारी पूर्ण विश्रांती. म्हणजे सोमवारी मांडी सैल लागायला हवी. पण सोमवारी तिने हात लावला की ती दोराच्या पिळासारखी घट्ट लागायची, शनिवारपेक्षा वाईट.

"रविवारी काय करतोस रे?"

"चर्चला जातो, जेवतो, झोपतो."

"आणि?"

"आणि काय? झोपेत अवघडली असेल."

एवढं बोलून तो हसला, आणि राजमतीला जे समजायचं ते समजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने ती त्याच्या गावी, नाद्रोव्याला गेली.

गावात शिरल्यावर तिला कोणाला विचारावं लागलं नाही. तुइलाऊंचं घर उंच खांबांवरचं. त्याच्या नऊ पायऱ्यांवरून इनोसी खाली उतरत होता, वाकून, एकेक पाऊल तोलत. त्याच्या पाठुंगळीला त्याचा बाप होता. एमोरी तुइलाऊ, एकेकाळचा वाइकुलाचा बचावपटू. सव्वाशे किलोंचा धिप्पाड माणूस, पण डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पायऱ्या संपल्यावर निसरडी उतरण होती, थेट नदीपर्यंत. इनोसीने बापाला पाण्यात अलगद बसवलं, त्याची पाठ चोळली, डोक्यावर पाणी घातलं आणि तसाच वाकून त्याला चढावरून वर आणलं. शेवटच्या तीन पायऱ्यांना त्याची उजवी मांडी थरथरताना राजमतीला लांबूनही दिसली. आणि त्याच्या तोंडावर हसू होतं.

"रोज?" तो बापाला आत बसवून बाहेर आल्यावर तिने विचारलं.

इनोसी चपापला. "सकाळ-संध्याकाळ," तो हळूच म्हणाला. "काकी, त्याच्यासमोर काही बोलू नका."

पण राजमती बोलायलाच आली होती. इनोसी कामाला गेल्यावर ती एमोरीसमोर चटईवर बसली. एमोरीच्या बहिणीने लिंबाच्या पानांचा चहा आणि उकडलेला कसाव्याचा कंद पुढे ठेवला. या माणसाच्या पायाची जखम राजमतीने महिनोन्‌महिने बांधली होती. साखरेच्या दुखण्याने पाय नेलाच. त्यानंतर ती निवृत्त झाली, आणि पुन्हा इकडे फिरकली नव्हती. त्याची तिला आता लाज वाटली.

"आंघोळ घरात का नाही करत, एमोरी?"

"घरात बादलीने मेलेल्याला घालतात, सिस्टर. मी या नदीत वाढलो."

"मग जा की नदीवर. पण गावात बाप्ये काय कमी आहेत? पोराच्याच पाठीवर कशाला?"

"परक्याच्या पाठीवर बसू?" एमोरीचा आवाज चढला. "ज्या गावात माझ्या अंगावर यायला दोघे कचरायचे, तिथे मी गोणीसारखा या खांद्यावरून त्या खांद्यावर जाऊ? माझा भार माझ्या रक्ताने उचलावा."

"तुमचा पाय जाऊन किती वर्षं झाली?"

"ऑगस्टला तीन होतील."

"आणि त्याची मांडी पहिल्यांदा फाटली कधी, आठवतंय?"

एमोरीने तोंडाला लावलेला चहाचा पेला खाली घेतला. बोटांवर काही मोजायला लागला आणि मधेच थांबला.

"त्याने मला कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तो नाही सांगणार. दुखलं की हसतो."

"ते माझ्याकडूनच घेतलंय त्याने." एमोरीने तळहाताने चेहरा पुसला. "मी रेडिओवर सामने ऐकतो, सिस्टर. तो बाहेर गेला की मी शिव्या घालतो. नाजूक म्हणतो, रडका म्हणतो. इथे बसून. आणि संध्याकाळी त्याच्याच पाठीवर चढतो."

राजमतीने त्याच्या हातावर हात ठेवला.

इनोसी दोन दिवसांनी सरावाला आला तो धुमसतच.

"कशाला सांगितलंत, काकी? तो आता नदीवर येतच नाही. मला हात लावू देत नाही, दुसऱ्या कोणाला नाही. अंगाला पाणी नाही माणसाच्या!" त्याने हातातला बूट खाली आदळला. "माझी मांडी फाटली तर बरी होते. त्याचा पाय उगवणार आहे का?"

"नाही उगवणार," राजमती म्हणाली. "पण तू आडवा पडलास तर त्याला दोन्ही वेळा कोण नेणार, ते सांग."

तो पाय आपटत निघून गेला. राजमती त्या रात्री नीट झोपली नाही. एका मांडीपायी बापलेकात आपण वितुष्ट तर आणलं नाही ना, हा विचार तिचा पिच्छा सोडेना.

एमोरीने आंघोळीविना पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी, त्याच्या बहिणीने निरोप धाडल्यावर, चर्चच्या गायकमंडळातले चार दणकट बाप्ये दारात आले. त्यांनी एका लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधून आणले होते. एमोरीने त्यांच्याकडे, खुर्चीकडे आणि मग स्वतःच्या मळलेल्या अंगाकडे पाहिलं.

"उचला," तो म्हणाला. "पण कोणी गाणं म्हणायचं नाही."

पुढच्या सोमवारी राजमतीने इनोसीच्या मांडीला हात लावला. ती सैल होती. तिने पुन्हा दाबून पाहिली आणि मग उगाचच पट्ट्यांची पिशवी आवरायला घेतली, कारण तिचे डोळे भरून आले होते.

"काय झालं, काकी?" इनोसीने विचारलं.

"काही नाही. मलमाचा वास झोंबला."

त्यानंतर इनोसी खेळत राहिला. जूनच्या स्पर्धेत खेळला, जुलैत खेळला, ऑगस्टच्या लागोपाठच्या सामन्यांत खेळला. प्रत्येक वेळी साठच मिनिटं, पण त्या साठात त्याने मोसमभरात सतरा गोल केले. कुंपणापलीकडचे आवाज तेच राहिले, फक्त त्यातली माया वाढली. "ए साठ मिनिटं, आज चाळिसातच आटप रे!"

मग ऑक्टोबर आला आणि लाउटोका शहरात जिल्ह्यांची मोठी स्पर्धा सुरू झाली. सहा दिवसांत पाच सामने. गौंडर आणि राजमती मिनिटांवरून बाजारात भाजीचा भाव करावा तसे भांडले. शेवटी मंगळवारी साठ, बुधवारी काही नाही, गुरुवारी तीस असं ठरलं. शनिवारी उपांत्य सामन्यात इनोसीने पंचावन्न मिनिटांत दोन गोल केले आणि स्वतःच्या पायांनी बाहेर आला. रविवारी सुवाच्या संघाविरुद्ध अंतिम सामना होता. वाइकुलाने बावीस वर्षांत चषकाला हात लावला नव्हता.

सामना सुरू होण्याआधी प्रेक्षकांत गलका झाला. राजमतीने मागे वळून पाहिलं. नाद्रोव्याची चार माणसं बांबूची खुर्ची खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत होती. तिच्यात एमोरी बसला होता, अंगात जुनी फिकट जर्सी, मान ताठ. हजारो लोक त्याच्याकडे बघत होते, आणि तो त्यांना बघू देत होता. मैदानात इनोसी गोठल्यासारखा उभा राहिला. मग त्याने बूट आवळायच्या निमित्ताने मान खाली घातली.

पहिला अर्धा भाग गोलाविना गेला. बावन्नाव्या मिनिटाला इनोसी दोघांना चकवून निसटला आणि त्याचा फटका खांबाला लागून परत आला. सारं मैदान हळहळलं. तो चार पावलं चालला, थांबला आणि सरळ कडेला आला. तो हसत नव्हता.

"काकी, खेचतंय. फाटलं नाही अजून. पण पुढच्या पळण्यात फाटेल."

"आठ मिनिटं!" गौंडर ओरडला. "अरे, निदान साठ तरी पुरी कर! सिस्टर, साठ तुमचीच आहेत ना?"

"साठ माझी होती," राजमती म्हणाली. "ही आठ त्याची आहेत. ज्याने जन्मात कधी दुखतंय म्हटलं नाही, तो आज म्हणतोय. बदला त्याला."

गौंडरने आकाशाकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला आणि बदली खेळाडूला हाक मारली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ज्या लोकांनी त्याला मोसमभर मायेने चिडवलं होतं, त्यातल्या काहींनी पाण्याच्या बाटल्या फेकल्या. इनोसी बर्फ धरून बाकावर बसला. राजमतीने त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला, आणि त्याच्या खाली तो काय करतोय ते पाहिलं नाही.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला सुवाने गोल केला. सामना तिथेच संपला.

मंडळी पांगली तेव्हा एमोरी वरच्या पायरीवर खुर्चीत तसाच होता. गर्दीच्या रेट्यात एका बाजूचा बांबू मोडला होता, आणि नाद्रोव्याचे चौघे दुसरा शोधायला गेले होते. इनोसी लंगडत पायऱ्या चढला, बापाकडे पाठ करून वाकला आणि म्हणाला, "चल, बस."

"हो बाजूला," एमोरी म्हणाला. "आधी स्वतःचा पाय सांभाळ."

"मग उतरणार कसा?"

एमोरीने आजूबाजूला पाहिलं. सुवाचे पाचसहा पाठीराखे पांढऱ्या जर्सी घालून गळ्यात गळे घालून नाचत चालले होते. त्याने त्यांना खड्या आवाजात हाक मारली.

"ए पोरांनो! चषक नेलात ना? आता एक म्हातारा उचला!"

पोरं क्षणभर गोंधळली, मग हसत धावली. दोघांनी पाठीमागून खुर्ची धरली, दोघांनी पुढून, आणि वरात निघाली. इनोसी कठडा धरून शेजारून उतरत होता, राजमती त्याच्या दुसऱ्या बाजूला. खाली गौंडर एकटा उभा होता, हात कमरेवर, डोळे लाल. एमोरी खेळायचा त्या काळी गौंडर त्याच्या मागे गोलरक्षक असायचा.

"एमोरी," तो म्हणाला, "तुझ्या पोराने माझा चषक घालवला."

"घालवला," एमोरीने खुर्चीतूनच कबूल केलं. "पण माझा पोरगा मला शाबूत परत दिला."

गौंडर इनोसीकडे वळला. त्याची मांडी त्याने निरखून पाहिली.

"किती दिवस?" त्याने राजमतीला विचारलं.

"दोन आठवडे. फाटली असती तर सहा महिने."

गौंडरने मान हलवली. मग त्याने एका दमलेल्या पोराला बाजूला सारलं, खुर्चीचा तो कोपरा स्वतः धरला आणि सगळ्यांवर ओरडला, "अरे, पाऊल बरोबर टाका! बस तिकडे आहे, तिकडे!"