हरणाऱ्याने तबकडी उलटायची

“ह्याचं म्हणणं काय,” चष्मेवाले भावोजी बशीत चहा ओतत म्हणाले, “तर इन्स्पेक्टर मनाचा हळवा. चोराची दया आली, म्हणून दार उघडं टाकलं. काय रे, असंच ना?”

खुर्चीत उशा लावून बसवलेल्या तिच्या नवऱ्याने डावा हात मांडीवरून जरासा उचलला. उजवा गेले सहा महिने लाकडासारखा पडून होता. वाचाही गेली होती; अडलंच तर पाटीवर एखादा शब्द लिहायचा.

शर्टाला बटण लावता लावता तिची सुई थांबली.

दोघा मित्रांची ही रविवारची बैठक तीस वर्षांची. नवरा लिफ्टचा मेकॅनिक, भावोजींचं चष्म्याचं दुकान. तेव्हापासून दोन वाद ठरलेले. पहिला, पाच जणांच्या त्या जुन्या रॉक बँडचा. पहिला गायक सोडून गेला तेव्हाच बँड संपला, असं नवरा म्हणायचा. भावोजी म्हणायचे, खरा बँड दुसऱ्या गायकाने उभा केला. दुसरा वाद टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेचा. शेवटच्या भागात इन्स्पेक्टर कोठडीचं दार उघडं ठेवतो आणि चोर निघून जातो. ते मुद्दाम, की चुकून? नवरा म्हणायचा मुद्दाम, भावोजी म्हणायचे चुकून. चहा संपेपर्यंत ज्याला उत्तर सुचणार नाही तो हरला, आणि हरणाऱ्याने उठून ग्रामोफोनवरची तबकडी उलटायची, असा त्यांचा नेम.

आता नवरा दर रविवारी हरायचा. उठता येत नसल्यामुळे तबकडी ती उलटायची. तेही तिला खटकलं नव्हतं. पण अलीकडे भावोजी दोन्ही बाजू एकटेच मांडू लागले होते. मागच्या महिन्यात पहिल्या गायकाबद्दलचा नवऱ्याचा हुकमी मुद्दा त्यांनी फिरवून स्वतःचा म्हणून खपवला, आणि नवऱ्याच्या वाट्याला सगळं मिळमिळीत ठेवलं. ती गप्प बसली होती. माणूस निदान येतो तरी, म्हणून.

“हे तसं कधीच म्हणाले नाहीत,” ती म्हणाली.

भावोजी हसले. “वहिनी, चहात साखर जरा कमी पडली बघा.”

“पहिल्या भागापासून तो माणूस प्रत्येक कडी दोनदा ओढून बघतो. घरची, कचेरीची, कपाटाचीसुद्धा. ह्यांचं म्हणणं एवढंच होतं, की कडी दोनदा बघणारा माणूस विसरत नाही. हळवा बिळवा काही नाही.”

“अहो, पण थकलेला होता तो. थकल्यावर विसरतो माणूस.”

“आजारपणाच्या भागात त्याला ताप असतो. उभं राहवत नाही, तरी भिंतीला धरून जातो आणि कडी बघतो. ह्यांना रात्रपाळी असली की मी ते भाग टेप करून ठेवायची, भावोजी. बटणं लावताना परत परत बघितलेत.”

भावोजींनी बशी तोंडाला लावली. बशी रिकामी झाली होती. काज करायच्या शर्टांचा ढीग तिच्या गुडघ्याशी तसाच पडला होता. तिने सुई हातातल्या शर्टात खोचून ठेवली.

“तबकडी,” ती हळूच म्हणाली.

भावोजी उठले खरे, पण दाराकडे गेले. चपला पायात सरकवत म्हणाले, “मी ह्याच्याशी बोलायला येतो, वहिनी.”

“मग ह्यांच्या तोंडी भलतं घालू नका.”

ते गेले. जिन्यावरून पावलं उतरत गेली. तिने दार लावून घेतलं आणि नवऱ्याकडे बघितलं. तो डोळे मोठे करून तिच्याकडेच बघत होता. तीस वर्षं ह्या खोलीत चहा ठेवताना, कपबशा उचलताना तिने प्रत्येक शब्द ऐकला होता. त्याला वाटायचं, हिचं सुईदोऱ्यात लक्ष. आज त्याला कळलं. आता विचारेल, तुला हे सगळं कधीपासून ठाऊक? कदाचित तिचं मतही विचारेल. तिचं स्वतःचं एक मत होतंच, इन्स्पेक्टरच्या बायकोबद्दल. ते अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याने डाव्या हाताने पाटी मागितली. तिने मांडीवर ठेवली, बोटांत पेन्सिल दिली. एकेक अक्षर वाकडंतिकडं उमटत गेलं. ती बाजूला उभी राहून वाट बघत राहिली.

‘बोलाव त्याला.’

तिने दोनदा वाचलं. “अहो, पण भावोजी तुमच्या नावावर काय वाट्टेल ते सांगत होते. तुम्हाला चालेल?”

त्याने मनगटाने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं.

‘चालेल.’

तिने फोन लावला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिला. भावोजींनी उचलला तेव्हा ती सरळ उभी राहिली, समोर कोणी मोठं माणूस असल्यासारखी.

“भावोजी, माझंच चुकलं. मला काय कळतंय त्यातलं? ऐकून ऐकून बोलले झालं.” मग थोडं थांबून, “हो. साखर घालीन जास्त.”

नवरा मान वाकडी करून ऐकत होता. फोन ठेवल्यावर त्याने भुवई उचलून विचारलं.

“येतो म्हणालेत. रविवारी.”

सहा महिन्यांत पहिल्यांदाच तो हसला. चेहऱ्याची जी बाजू हसू शकत होती, तेवढीच. दुसऱ्या बाजूने लाळ ओघळली. तिने टॉवेलचं टोक ओलं केलं आणि ती पुसून काढली.