मोरीकडचा कोपरा

मी बोलतोय. शोकेसवर बसलेला, मुठीएवढा, पांढरा कॅमेरा. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. डोळा उघडला तेव्हा मी घाटकोपरच्या डोंगरावर, भटवाडीतल्या एका खोलीत होतो आणि माझ्यासमोर रुक्मिणीआई पदर सावरून उभी होती.

मला आणलं तिच्या मुलाने, नितेशने. तो मस्कतला नोकरीला. वडील धोंडिराम आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लागले आणि तिथूनच एक दिवस दमून घरी येऊन झोपले ते उठले नाहीत. आई एकटी राहिली. म्हणून मी.

"आई, हा निळा दिवा लागला की समजायचं, मी बघतोय," नितेशने सांगितलं.

"आणि तू माका दिसतलंस?"

"नाही गं. फक्त तू मला. बोलता मात्र दोघांना येईल."

"असूं दे," ती म्हणाली.

मला मान फिरवता येते. पण स्वतःहून नाही. तिकडे त्याने फोनवर बोट ओढलं की इकडे मी वळतो. पहिल्याच आठवड्यात त्याने मला सगळीकडे फिरवलं. दार, खाट, ओटा, मग मोरी. रुक्मिणीआई तेव्हा नुकती अंघोळ करून बाहेर येत होती. ती ओरडली, "अरे मेल्या, मोरीकडे काय बघतंस? बायकामाणसांची जागा ती!"

नितेश इतका ओशाळला की त्याने मला लगेच दाराकडे तोंड करून बसवलं; तिथून दार, खाट आणि ओट्याची कड तेवढी दिसे. त्यानंतर त्याने मला कधी वळवलंच नाही. भला मुलगा. आईचा मान राखला त्याने.

माझे सुरुवातीचे दिवस चांगले गेले. दुपारी जेवण झालं की ती ताट वाढून माझ्यासमोर धरायची.

"बघ रे झिला, बांगड्याचा तिखला केलंय. तू जेवलंस मा?"

शेजारची रेवती एकदा दारातून हसली. "काय काकी, देवाला सोडून कॅमेऱ्याला नैवेद्य?"

"देव हयच आसा, खंय पळान जातलो? झील लांब आसा."

कधी दिवा लागलेला असायचा, कधी नसायचा. नसला तरी ती ताट धरायचीच. माझ्या काचेवर वाफ यायची. मग पदराने मला पुसायची आणि जेवायला बसायची. डोक्यावरून विमान खाली उतरताना खोलीतली भांडी थरथरत, तेव्हा घास हातात धरून ती थांबायची. आवाज गेला की पुन्हा खायची.

हळूहळू दिवा लागणं कमी झालं. कामं असतात माणसांना. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

गेल्या हिवाळ्यात तिला दम लागायला लागला. खाटेवरून उठली की छातीवर हात ठेवायची. पण निळा दिवा लागला रे लागला, की हात खाली घ्यायची, हसायची आणि "कपडे भिजत घातलंय हां" म्हणून मोरीकडच्या कोपऱ्यात जायची. माझा डोळा कुठवर पोचतो ते तिला पक्कं ठाऊक झालं होतं. दिवा विझेपर्यंत ती तिथेच बसून राही. तोंडावर पदर धरून खोकायची. मला ऐकू यायचं, तिकडे त्याला पोचत नसावं.

रेवतीने एकदा तिला तसं बसलेलं पाहिलं. "काकी, नितेशदादाला सांगा ना. नाहीतर मीच फोन करते."

"नको गो बाय. तो घाबरतलो, नोकरी सोडून येतलो. माका काय्येक झालेला नाय."

रेवतीने फोन केला नाही. शपथ घातली होती काकीने.

मग तो दिवस. दुपारची वेळ. ती खाटेला धरून उभी होती, कपाळावर घाम. आणि माझा दिवा लागला.

"आई, कशी आहेस? चेहरा का असा?"

"उन्हात जाऊन इलंय रे. थांब, कपडे भिजत घातलंय."

ती गेली. भिंतीला धरत गेली. नितेश म्हणाला, "बरं, कर तुझं. मी संध्याकाळी बघतो." दिवा विझला.

तांब्या पडल्याचा आवाज आला. तो गडगडत ओट्यापर्यंत आला, तेवढा मला दिसला. मागून तिचा श्वास ऐकू येत होता. मला फक्त मान वळवायची होती. एवढीशी मान. बोट ओढायला कोणी नव्हतं.

काही हललं की तिकडे कळवायचं, हे माझं काम. कोणी हलायचं थांबलं तर काय करायचं, ते मला कोणी शिकवलं नाही.

संध्याकाळी दिवा पुन्हा लागला. रिकामी खाट, लावलेलं दार, जमिनीवर तांब्या. "देवळात गेली असेल," नितेश स्वतःशीच म्हणाला.

वाटी परत द्यायला आलेल्या रेवतीने हाका मारल्या, मग तिच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. ती माझ्यासमोरून कोपऱ्याकडे गेली. "काकी..." एवढंच म्हणाली. मला त्यावरूनच कळलं.

नितेश आला. कार्य झालं. आईचा फोटो त्याने माझ्याच खाली, शोकेसच्या काचेत लावला. त्यामुळे तो मला दिसत नाही. परत जायच्या आदल्या दिवशी तो ताट घेऊन समोर उभा राहिला. "आई, बघ. तिखला. रेवतीने केलाय." क्षणभर वाटलं, ताट मला दाखवतोय. काचेवर वाफ आली. ती कोणी पुसली नाही.

आता खोली बंद आहे. वीज मात्र त्याने चालू ठेवली आहे, माझ्यासाठी.

तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद बसवला असेल, तर एवढंच ऐका. आम्हाला फक्त समोरचं दिसतं, आणि आईबापांना आम्हाला न दिसणारी जागा बरोबर सापडते. अधूनमधून स्वतः या. मोरीपर्यंत या.

दिवा लागलाय. हल्ली रोज लागतो. माझी मान हळूहळू वळतेय, दारावरून खाटेकडे, खाटेवरून ओट्याकडे. आता तो कोपरा. पालथी बादली. कोरडी फरशी.

तिकडून तो बघत राहतो. मीही बघत राहतो.