ब्रेकवरचा पाय

"रेघ आली की ब्रेक. आधी नाही, नंतर नाही," मुलगी म्हणाली.

"मला शिकवतेस? तुला बसायला येत नव्हतं तेव्हापासून गाडी चालवतोय मी."

कारखान्यामागच्या डांबरी मैदानावर तिने खडूची रेघ ओढली होती. वडील निवृत्त ड्रायव्हर. मालकाने मोडीत काढलेली, गोल दिव्यांची जुनी गाडी त्यांनी मागून घेऊन स्वतःच्या हातांनी उभी केली होती. मुलगी अभियंता. शेजारच्या नव्या गाडीचे ब्रेक तिच्याच गटाने तयार केले होते. वाद नातीवरून होता. आजोबांना तिला रोज शाळेत न्यायचे होते, जुन्या गाडीतून. मुलीचा नकार होता.

"तुझा तो पत्र्याचा डबा. हे लोखंड आहे, लोखंड!"

"लोखंड थांबतं कशानं, बाबा?"

"माझ्या पायानं."

विधान तपासण्याजोगे होते. वेग सारखा, रेघ तीच आणि दोन्ही गाड्यांना चालकही एकच, वडील. तुलना निर्दोष आहे असे तिघांनाही वाटले. तिसरी आई. "तुमच्या भांडणात मी पडणार नाही. वीट तेवढी ठेवते," असे सांगून ती कडेला उभी राहिली.

जुनी गाडी थांबली, तिथे वीट पडली. नवी गाडी त्या विटेच्याही पुढे जाऊन थांबली.

"घ्या! तोंडावर पडली तुझी विद्या," आई म्हणाली.

वडील मात्र हसले नाहीत. ते स्टिअरिंग धरून, मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे पाहत होते.

"मी पाय उचलत होतो ना गं?"

"हो."

जुना ब्रेक सलग दाबला तर चाके जखडतात आणि गाडी घसरते, म्हणून त्या पिढीचे ड्रायव्हर पाय दाबत, सोडत थांबत. नव्या गाडीत ही उघडझाप यंत्रणा स्वतःच करते, तीही माणसाला जमणार नाही अशा वेगाने. तिथे पाय उचलणे म्हणजे गाडीला मोकळे सोडणे.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही जिंकला होतात, बाबा."

"असलं जिंकणं कुणाला हवंय? पुन्हा घेऊ."

या वेळी त्यांनी पाय दाबला आणि दाबूनच ठेवला. पेडल तळव्याखाली थरथरले. गाडी विटेच्या इतकी अलीकडे थांबली की आईला दुसरी वीट घेऊन उलट पळत यावे लागले.

"हरलात की हो!" ती धापा टाकत म्हणाली.

"हरलो? कुणाकडून, ते बघ की!"

शाळा सुटायची वेळ झाली होती. त्यांनी जुनी गाडी कडेला लावली, कुलूप घातले, आणि नव्या गाडीचे मागचे दार उघडले. हे दार त्यांनी जन्मभर दुसऱ्यांसाठी उघडले होते. आज ते स्वतः आत बसले, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि पुढे पाहत म्हणाले,

"चला, बाईसाहेब. नातीला आणायचंय."